लग्नानंतरची नोकरी : विकसित देशांचा अनुभव आणि चेन्नईपुढचा टप्पा

चेन्नई : देशभरातील कारखान्यांत काम करणाऱ्या दर शंभर महिलांपैकी 42 ते 43 महिला एकट्या तमिळनाडूत आहेत, असे वार्षिक उद्योग पाहणीची अलीकडची आकडेवारी सांगते. देशाच्या लोकसंख्येत या राज्याचा वाटा जेमतेम सहा टक्के आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे वजन कळते. चेन्नईच्या नैऋत्येस सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या श्रीपेरुंबुदूर ते ओरगडम या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ पाळी बदलताना कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. त्या बसगाड्यांतून उतरणाऱ्या कामगारांत विशीतल्या तरुणी मोठ्या संख्येने असतात. मोबाइल फोन जोडण्याच्या उद्योगाने या भागात 2006 मध्ये नोकियाच्या कारखान्यासह पाय रोवले. तो कारखाना 2014 मध्ये बंद पडला. त्यानंतर फॉक्सकॉन आणि इतर कंपन्यांनी त्याहून मोठ्या प्रमाणावर भरती केली.

महिलांच्या रोजगाराची चर्चा निघाली की या पट्ट्याचे उदाहरण हमखास दिले जाते आणि ते योग्यही आहे. मात्र अमेरिका, ब्रिटन, जपान वा स्वीडन या देशांत महिलांचा मनुष्यबळातील वाटा कसा वाढत गेला, हा इतिहास शेजारी ठेवून पाहिले तर चेन्नई त्या वाटचालीच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर कारखान्यांत किती तरुणी दाखल झाल्या यापेक्षा त्यांच्यापैकी किती जणी लग्नानंतर टिकल्या यावर अवलंबून आहे.

दोन आकडे, दोन अर्थ

या विषयावरील बातम्यांत दोन वेगळे आकडे अनेकदा एकमेकांत मिसळतात. पहिला ‘सहभाग दर’. कामाच्या वयातील महिलांपैकी किती जणी काम करतात वा काम शोधतात, ते त्यातून कळते. दुसरा ‘वाटा’. एकूण काम करणाऱ्यांत आणि काम शोधणाऱ्यांत स्त्रिया किती, ते तो सांगतो. अमेरिकेत 1948 मध्ये महिलांचा सहभाग दर 33 टक्क्यांच्या आसपास होता. तो 1999 मध्ये 60 टक्क्यांच्या शिखरावर पोहोचला आणि नंतर 57 टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. याच काळात मनुष्यबळातील त्यांचा वाटा मात्र 30 टक्क्यांखालून 47 टक्क्यांच्या घरात गेला आणि तेथे टिकून राहिला, कारण पुरुषांचा सहभागही दरम्यान घसरत होता. आज बहुतेक मोठ्या विकसित अर्थव्यवस्थांत महिलांचा वाटा 42 ते 48 टक्क्यांच्या दरम्यान आहे. म्हणजे वाट्याचा विचार केला तर त्या बरोबरीच्या जवळ आल्या आहेत. वेतन, पद आणि कामाचे तास यांत ते अंतर अद्याप मिटलेले नाही.

भारतात नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरील महिलांचा सहभाग दर 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. पुरुषांचा दर 78.8 टक्के होता. यावरून ढोबळमानाने मनुष्यबळातील महिलांचा वाटा एक तृतीयांशाहून किंचित अधिक ठरतो. या वाढीचा मोठा भाग ग्रामीण आहे. स्वयंरोजगारातील आणि घरच्या शेतीत वा व्यवसायात बिनवेतन मदत करणाऱ्या स्त्रियांमुळे तो आलेला आहे. त्यामुळे महिन्याच्या ठरल्या तारखेला हातात पगार देणारी चेन्नईतील नोकरी आणि ही वाढ एका मापाने मोजता येणार नाहीत.

अमेरिकेचा दोनशे वर्षांचा आलेख

अर्थशास्त्राचे 2023 चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील दोन शतकांची आकडेवारी तपासली. आर्थिक प्रगतीबरोबर महिलांचे काम सरळ वाढत गेले, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. शेतीप्रधान समाजात शेतकऱ्याची बायको शेतात, गोठ्यात राबतच होती, पण जनगणनेत तिच्या नावापुढे ‘पत्नी’ एवढेच लिहिले जाई. उद्योग आले तेव्हा काम घरापासून दूर गेले आणि विवाहित स्त्रियांचा सहभाग घसरला. पुढे शिक्षण वाढले, कार्यालयीन नोकऱ्या आल्या आणि आलेख पुन्हा वर चढला. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा त्याचा आकार आहे. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीत नवऱ्याच्या बरोबरीने राबूनही ‘घरीच असते’ असे सांगितल्या जाणाऱ्या स्त्रीचे उदाहरण ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना या आकाराची डावी बाजू समजावून सांगण्याची गरज नाही.

या आलेखात एक बाब ठळक आहे. सन 1900 च्या सुमारास अमेरिकेत अविवाहित महिलांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणी कमावत्या होत्या, विवाहित महिलांपैकी मात्र सहा टक्क्यांच्या आसपास. (कृष्णवर्णीय विवाहितांचे प्रमाण याहून कितीतरी जास्त होते. घरी बसण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.) विसाव्या शतकात झालेली मोठी वाढ प्रामुख्याने विवाहित महिलांची आहे. अविवाहित मुली आधीपासूनच गिरण्यांत, दुकानांत आणि टंकलेखन यंत्रांपुढे होत्या.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल येथील कापडगिरण्यांनी तर 1820 च्या दशकापासूनच आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांच्या मुली कामाला आणल्या. त्यांच्यासाठी कंपनीची वसतिगृहे होती, रात्री दहाला दार बंद होई, वागणुकीचे नियम होते. काही वर्षे काम करावे, चार पैसे गाठीला बांधावेत आणि लग्न करून गावी जावे, अशी अपेक्षा होती. वेतनकपात आणि वसतिगृहाचे वाढीव शुल्क यांविरोधात या मुलींनी 1834 आणि 1836 मध्ये संप केले. जपानमध्येही 1872 मध्ये सुरू झालेल्या तोमिओका येथील सरकारी रेशीमगिरणीपासून वसतिगृहात राहणाऱ्या तरुण कामगार मुलींची परंपरा दिसते. वसतिगृहातील अविवाहित मुलगी हे अनेक देशांच्या औद्योगिकीकरणाचे पहिले पान आहे. श्रीपेरुंबुदूरमध्ये आज तेच पान उघडलेले आहे.

‘लग्न झाले, नोकरी गेली’

दुसऱ्या पानावर जाताना बहुतेक देशांना एक अडथळा हटवावा लागला. लग्न होताच स्त्रीने राजीनामा द्यावा किंवा विवाहितेला नोकरीच देऊ नये, असे नियम कायद्यात, शासकीय सेवाशर्तींत आणि खासगी कंपन्यांच्या करारांत सर्रास होते. अमेरिकेत 1940 च्या दशकाच्या आरंभी दहांपैकी आठांहून अधिक शाळा मंडळे विवाहित शिक्षिका नेमत नव्हती. ब्रिटनने शिक्षिकांवरील असे बंधन 1944 मध्ये आणि नागरी सेवेतील 1946 मध्ये उठवले, परंतु परराष्ट्र सेवेत ते 1973 पर्यंत राहिले. आयर्लंडच्या नागरी सेवेतही ते 1973 मध्ये संपले. पश्चिम जर्मनीत विवाहितेने नोकरी करावी की नाही, हे ‘संसारातील कर्तव्यांशी सुसंगत’ असण्याच्या अटीवर 1977 पर्यंत कायद्याने बांधलेले होते. ज्या देशांना आज या बाबतीत आदर्श मानले जाते, त्यांच्या आजी-पणजींच्या नव्हे, आईच्या पिढीतील ही स्थिती आहे.

भारतात या अडथळ्याचा इतिहास चेन्नई आणि मुंबई या दोन शहरांशी जोडलेला आहे. मद्रास विद्यापीठाच्या पदवीधर ॲना राजम जॉर्ज 1951 मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या. लग्न केल्यास सेवा संपुष्टात येईल, असे त्यांच्या नियुक्तिपत्रातच नमूद होते. त्यांनी मद्रास राज्याचा संवर्ग स्वीकारला. ती अट पुढे काढली गेली. याच ॲना राजम मल्होत्रा यांनी नंतर न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या अध्यक्षपदाची धुरा सांभाळली. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकलेल्या सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेत महिला अधिकाऱ्याने लग्नापूर्वी लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात बाधा येत असल्याचे सरकारचे मत झाल्यास राजीनामा द्यावा, असा नियम होता. पदोन्नती डावलल्याबद्दल त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर 1979 मधील निकालात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील भेदभावावर कठोर ताशेरे ओढले.

मुंबईचे प्रकरण त्याआधीचे आणि कामगारवर्गाच्या अधिक जवळचे आहे. एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात लग्न होताच महिला कामगाराची नोकरी संपत असे. बॉम्बे लेबर युनियनने त्याविरुद्ध दाद मागितली. विवाहिता जास्त गैरहजर राहतात, हा कंपनीचा मुख्य युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये तो फेटाळला. अविवाहित, विधवा आणि विवाहित यांच्या गैरहजेरीत फरक पडेल तो बाळंतपणाच्या रजेपुरता. त्यासाठी काही राखीव कामगार ठेवता येतात, असे न्यायालयाने म्हटले. जपानमध्ये लग्नानंतर राजीनामा देण्याची सक्ती बेकायदा ठरवणारा टोकियोतील सुमितोमो सिमेंट खटल्याचा निकाल 1966 मधील आहे. म्हणजे या मुद्द्यावर भारतीय न्यायालय जपानच्याही वर्षभर आधी बोलले होते.

मग प्रश्न सुटला का? रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जून 2024 मध्ये दिलेल्या वृत्तात, श्रीपेरुंबुदूरजवळील आयफोन जोडणीच्या कारखान्यात विवाहित महिलांना भरतीतून पद्धतशीरपणे वगळले जात असल्याचे म्हटले होते. घरच्या जबाबदाऱ्या, गरोदरपण आणि गैरहजेरी ही कारणे त्या वृत्तात होती. 1965 मध्ये मुंबईतील कंपनीने न्यायालयात मांडलेली कारणे याहून फारशी वेगळी नव्हती. मंगळसूत्र, जोडवी अशा धातूच्या दागिन्यांमुळे उत्पादनात अडथळा येतो, असेही एक कारण होते. फॉक्सकॉनने भेदभावाचा आरोप नाकारला. नव्या भरतीत सुमारे 25 टक्के महिला विवाहित आहेत आणि धातू अंगावर न ठेवण्याचा सुरक्षा नियम स्त्री-पुरुष सर्वांना लागू आहे, असे कंपनीच्या वतीने सरकारला कळवण्यात आल्याचे सांगितले गेले. केंद्रीय श्रम मंत्रालयाने समान वेतन कायदा, 1976 चा हवाला देत राज्य सरकारकडून अहवाल मागवला.

कोइम्बतूर-तिरुप्पूर भागातील सूतगिरण्यांत तर अविवाहित असणे हा योजनेचाच भाग होता. ‘सुमंगली’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पद्धतीत गावाकडच्या मुलींना साधारण तीन वर्षांच्या करारावर आणले जाई, वसतिगृहात ठेवले जाई आणि कराराच्या शेवटी एकरकमी पैसे दिले जात. ते पैसे लग्नासाठी, अर्थात हुंड्यासाठी, उपयोगी पडतील असे पालकांना सांगितले जाई. मध्येच काम सोडले तर ती रक्कम बुडण्याची भीती असे. कामगार संघटनांनी या पद्धतीची तुलना वेठबिगारीशी केली. सौभाग्यवतीसाठी वापरला जाणारा शब्द अशा करारासाठी निवडला जावा, यातच त्या नोकरीचा शेवट कोठे अपेक्षित होता ते दिसते.

राज्याने काय केले

तमिळनाडूचे यश केवळ कंपन्यांच्या भरतीतून आलेले नाही. मुलींचे शिक्षण, बसची सोय आणि शाळेतले जेवण या तीन गोष्टी त्यामागे दीर्घकाळ काम करत आहेत. मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत 1920 मध्ये दुपारचे जेवण सुरू केले होते. के. कामराज यांनी ते 1950 च्या दशकात राज्यभर नेले आणि एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. सप्टेंबर 2022 पासून त्यात सरकारी प्राथमिक शाळांतील न्याहारीची भर पडली. पोषणाची योजना म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, पण सकाळी सहाच्या पाळीला निघणाऱ्या आईच्या दृष्टीने ती वेळ वाचवणारीही आहे. केंद्राच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात, बिनवेतन घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे, तर पुरुषांचा 88 मिनिटे वेळ जातो, असे आढळले आहे.

मे 2021 पासून साध्या शहरी बसगाड्यांतून महिलांना मोफत प्रवास आहे. राज्य नियोजन आयोगाच्या अभ्यासानुसार त्यातून एका महिलेचे महिन्याला सरासरी सुमारे 888 रुपये वाचतात. नोकरदार महिलांसाठी ‘तोळी’, म्हणजे मैत्रीण, या नावाची वसतिगृहे राज्य सरकारने सुरू केली. दुकानांतील विक्रेत्यांना बसण्याची सोय देणारी कायद्यातील दुरुस्ती 2021 मध्ये झाली. कापड आणि दागिन्यांच्या मोठ्या दालनांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी ती फार उशिरा आली, एवढेच म्हणता येईल.

रात्रपाळीचा प्रश्न न्यायालयात सुटला. कारखाने कायद्यातील कलम 66 नुसार महिलांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात काम करण्यास मनाई होती. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2000 मध्ये ही मनाई घटनाबाह्य ठरवली, मात्र वाहतूक, सुरक्षा आणि एकटीला रात्रपाळी न देणे अशा अटी घातल्या. चोवीस तास चालणारा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग महिलांच्या बळावर येथे उभा राहू शकला, त्यात या निकालाचाही वाटा आहे.

वसतिगृहांची अवस्था मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली. डिसेंबर 2021 मध्ये फॉक्सकॉनच्या महिला कामगारांच्या एका वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. सहकारी कामगार चेन्नई-बंगळुरू महामार्गावर उतरल्या, कारखाना काही दिवस बंद राहिला आणि ॲपलने तो निगराणीखाली ठेवला. वल्लम वडगाल येथे 706.50 कोटी रुपये खर्चून बांधलेले 18,720 महिला कामगारांच्या राहण्याची सोय असलेले संकुल ऑगस्ट 2024 मध्ये खुले झाले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

मुंबईच्या गिरण्यांचा धडा

पहिल्या पानावरून मागे फिरण्याचे उदाहरणही घरातलेच आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत 1920 च्या दशकात जवळपास पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्यांतील बहुतेक रीळ आणि वायंडिंग खात्यांत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या ‘नायकिणी’ होत्या. लॉवेलच्या उलट या गिरण्यांत विवाहित आणि लेकुरवाळ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. मुंबई इलाख्याने 1929 मध्ये देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात पाठिंबा देताना, हा भार काही अंशी सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. प्रत्यक्षात कायद्याने खर्च मालकावर टाकला. यंत्रांचे आधुनिकीकरण, पाळ्यांची फेररचना आणि ‘बाईमाणूस महाग पडते’ ही सबब एकत्र आली. 1960 च्या दशकापर्यंत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण काही टक्क्यांवर घसरले. गिरणीबाहेर पडलेल्या अनेकींनी खानावळी चालवल्या, भाजी विकली, घरकाम केले. त्या काम करतच होत्या, हजेरीपटावरून तेवढ्या गेल्या.

स्वीडनने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. 1971 मध्ये पती-पत्नींची कर आकारणी स्वतंत्र झाली, त्यामुळे बायकोच्या पगारावर नवऱ्याच्या वरच्या दराने कर लागणे थांबले. 1974 मध्ये पालकत्व विमा आला. त्याचा पैसा सामाजिक विम्यातून येतो आणि रजा वडिलांनाही घेता येते. बाळंतपणाचा खर्च एका मालकाच्या खात्यावर पडत नसेल, तर विवाहितेला टाळण्याचे त्याचे एक कारण कमी होते. जपानने पाळणाघरांवर भर दिला. पाळणाघरात जागा मिळण्याची वाट पाहणाऱ्या मुलांची संख्या तेथे 2017 मध्ये 26 हजारांहून अधिक होती, ती 2023 मध्ये तीन हजारांखाली आली. लग्न-बाळंतपणाच्या वयात खाली येणारा जपानी महिलांचा रोजगाराचा आलेख जवळपास सपाट झाला. परतलेल्यांपैकी अनेक जणी अर्धवेळ वा कंत्राटी कामावर आहेत, ही त्याची दुसरी बाजू.

भारतात 2017 च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 26 आठवडे झाली आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, विमा योजनेत समाविष्ट कामगारांचा रजेचा पगार कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. म्हणजे जोडणीपट्ट्यावरील बहुतांश तरुणींच्या बाबतीत रजेच्या पगाराचा बोजा कंपनीवर थेट पडत नाही. ‘बाळंतपणाचा खर्च’ हा युक्तिवाद या कारखान्यांपुरता त्यामुळे दुबळा ठरतो. उरतो तो बदली कामगाराचा प्रश्न, ज्याचे उत्तर 1965 च्या निकालात आहे, आणि पाळणाघराचा.

पाळणाघर कोठे असावे, हाही वादाचा मुद्दा आहे. कायदा ते आस्थापनेत वा जवळच्या अंतरावर असावे असे म्हणतो. तास-दीड तासाचा बसप्रवास करून येणाऱ्या कामगार स्त्रीला तान्हे मूल बरोबर आणणे कठीण असते. तिला ते गावात, अंगणवाडीच्या जागेत, पाळीच्या वेळांशी जुळणारे हवे असते. राणीपेट आणि अंबूर भागातील पादत्राणांच्या कारखान्यांत आसपासच्या खेड्यांतून रोज ये-जा करणाऱ्या विवाहित स्त्रिया वर्षानुवर्षे काम करत आहेत. मूल सांभाळायला घरी सासू, आई किंवा जाऊ असते, म्हणून ते जमते. झारखंड, ओडिशातून किंवा राज्याच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांतून श्रीपेरुंबुदूरला आलेल्या मुलीकडे ती सोय नसते. वल्लम वडगालच्या संकुलातील 18,720 खाटा एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी आहेत. लग्नानंतर तिला आधी खाट सोडावी लागते, आणि भाड्याचे घर, पतीची नोकरी व मुलाची सोय एकाच परिसरात जुळली नाही तर पाठोपाठ नोकरीही.